चोथा

मंगळवारी सव्वानऊला
मोराग लीस्क येतात, टॉरीहून, पूल ओलांडून,
निळ्या पिशवीत आपला नमुना घेऊन.
शेजारीण वाटीभर काही द्यायला यावी
तितक्या सहज तो टेबलावर ठेवतात
आणि म्हणतात, आज हवा बरी आहे.
बाहेर ॲबर्डीनचा पाऊस आडवा चाललेला असतो.

मी लेबल चिकटवते: एकतीस, आठवडा सहा.
मग उणे ऐंशीच्या कपाटात,
जिथे साठ माणसांची पोटं
बर्फात रांगेनं उभी आहेत.

काय करतेस, असं कुणी विचारलं
आणि तंतुमय आहार, चयापचय, असं सांगितलं
की माना हलतात, विषय संपतो.
खरं तर मी चोथ्याचा अभ्यास करते.
ऊस चावून थुंकतो तो.
नारळाचं दूध पिळल्यावर उरतो तो.
माझ्या निबंधावर कुलकर्णीसरांनी लाल शाईत
‘रस कमी, चोथा फार’ लिहिलं होतं, तोच.
आपल्याला पचत नाही म्हणून
जे आपण पुढे ढकलतो,
त्याची पुढे, अंधारात, हवा नसलेल्या जागी
कुणीतरी वाटच पाहत असतं.

बिनडोळ्यांचे, बरेचसे अजून बिननावाचे.
ते त्याला आंबवतात, फोडतात,
आणि त्यातून एक आम्ल सुटतं,
खवट लोण्याच्या वासाचं.
मी तो वास केसांत घेऊन घरी जाते.
बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते.
पण आतड्याचं अस्तर
त्याच्यावरच तर जगतं.

पाव दोन प्रकारचे. दिसायला जुळे.
एकात जवाचा तंतू, दुसऱ्यात नाही.
कुणाच्या पिशवीत कुठला, हे मलाही माहीत नाही.
माहीत नसणं हीच इथली शिस्त.

नवव्या आठवड्यात मोरागबाई खुर्चीत बसल्या,
हातमोजे काढले, पुन्हा घातले.
‘पाव मी दोनच दिवस खाल्ला.
पोट असं फुगलं आणि वाजायला लागलं
की चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्यांनी वळून बघितलं.
तेव्हापासून खिडकीतून कुरवांना घालते.
एक तर आता नऊच्या ठोक्याला
काचेवर चोच आपटतो.’

मग दर मंगळवारी येता कशाला?

त्या जरा वेळ गप्प.
‘सदतीस वर्षं मासळी साफ केली, बंदरावर.
आतडी काढायची आणि बादलीत टाकायची.
त्यांत बघण्यासारखं काही असतं
हे कुणी सांगितलंच नाही.
तुम्ही काय बघता, ते बघायला येते.’

नियमात बसत नव्हतं, पण मी त्यांना आत नेलं.
एका बाटलीत कुणाचा तरी नमुना, थोडा कोंडा,
सदतीस अंशांचं ऊबदार पाणी.
काचेच्या कडेनं बुडबुडे वर येत होते,
एकेक, सावकाश,
मध्येच दोन बरोबर.
त्या चष्मा वर करून वाकल्या.
‘अगं बाई’सारखं काहीतरी म्हणाल्या, त्यांच्या बोलीत.

संध्याकाळी मी विशार्टसरांना सांगितलं.
त्यांनी कपाळ चोळलं.
‘ओळ काढायची नाही. विचलन म्हणून नोंदव.’
मी रकान्यात लिहिलं: पाव पक्ष्यांना.
मग बराच वेळ आलेखाकडे बघत बसले.
साखर उतरलीय, साठांत मिळून, जरा.
इतकी जरा, की बोटानं झाकता येईल.
कोंड्याचा मांडा करणाऱ्या बायकांच्या घरातली मी,
मला ती कला येते;
पण आकडेशास्त्रात तिला गुन्हा म्हणतात.

परत जाताना बंदराच्या कठड्यावर
एक कुरव बसला होता,
गुबगुबीत, पिसं तुकतुकीत, नजर उर्मट.
वाऱ्यात जरासुद्धा हलत नव्हता.
फुगलेल्या पोटावरून मला अंदाज आहे;
पण अंदाज लिहायचा नसतो.
तो कुठल्या गटातला,
ते एप्रिलमध्ये पाकिटं उघडली की कळेल.